माझ्या नंबरवर आलेला मेसेज

आमच्या घरात मोबाइल तीन, पण सरकारला ठाऊक असलेला नंबर एकच, आणि तो माझा. पोरं दर चार महिन्यांनी सिम बदलत. माझं सिम मात्र पोरांच्या बापानं यवतमाळच्या बाजारातून आणून दिलं, तेव्हापासून तेच आहे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, नंबर चालू आहे. म्हणून आधार म्हणा, गॅस म्हणा, पोरांच्या परीक्षांचे फॉर्म म्हणा, सगळं माझ्या नंबरवर. नेट कॅफेवाल्यानं नंबर विचारला की दोघंही भाऊ माझे दहा आकडे म्हणून मोकळे व्हायचे.

मला वाचता येत नव्हतं तोवर त्यात काही बिघडलं नाही. फोन टुंग वाजला की पोरांपुढं धरायचा, "पाय बरं काय आलं." पोरं घरी नसली आणि फोन भरून अडून बसला, तर सगळे मेसेज एकदम कसे पुसायचे तेवढं मला शिकवून ठेवलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं त्याचं काम पडणार आहे.

वाचायला मी शिकले पन्नाशीला टेकल्यावर. कोरोनाच्या साली धाकट्याचं कॉलेज बंद पडलं आणि पोट्टं घरात बसून कंटाळलं. एक दिवस म्हणालं, "माय, तुले वाचाले शिकवतो. मलेबी काम नाई, तुलेबी कुठं जाचं नाई." चुलीपुढच्या फरशीवर तो कोळशानं अक्षरं काढायचा, मी भाकर थापता थापता म्हणायची. अडखळले की म्हणायचा, "मार्क मंग देतो, आधी भाकर पाय, करपून राह्यली." दोन वर्षांत मी जोडाक्षरांसकट वाचायला लागले. बोट ठेवून, हळूहळू, पण वाचायला लागले.

आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज सांजच्याला ग्रंथ वाचतात. आधी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हणायचं, मग एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणाऱ्या गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा शेजारच्या आत्यानं भर विहारात माझं नाव घेतलं. आत्या म्हणजे वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. म्हणाली, "हे वाचते ना. घरात आलू-कांद्याचा कागदबी वाचते, तं ग्रंथ काहून नाई वाचनार?" तेव्हापासून पावसाळ्यात मीच वाचते. थोरला पहिल्यांदा ऐकायला आला तर मागं भिंतीला टेकून बसला, आणि बाहेर निघाल्यावर नुसता हसत राहिला. तो दिवस माझा फार चांगला गेला होता.

आता थोरल्याचं सांगते. त्याला पोलीस व्हायचं होतं. दोन वर्षं सकाळी रोडनं धावला, भरतीत उतरला, पहिली परीक्षा झाली. पुढचा निरोप काही आला नाही. वाट पाहून पाहून तो लोहाऱ्याला एका कारखान्यात लागला आणि तिकडेच खोली करून राहिला. पहिल्या रविवारी घरी आला तर त्यानं चप्पल दाराबाहेर जोडून ठेवली, पाहुण्यासारखी. मी म्हटलं, "आता पानी द्यायचं का पायावर?" तो म्हणाला, "माय, तिथं खोलीत आम्ही चार जन हाओत, सवय लागली." मी हसले. पण ती जोडलेली चप्पल दिवसभर माझ्या नजरेत राहिली. एक पोरगा असा गेला. तासाभराच्या वाटेवर होता, दर रविवारी येत होता, तरी गेला तो गेलाच. मग धाकट्याला मी घट्ट धरलं.

आणि धाकट्यानं भरला तो वनरक्षकाचा फॉर्म!

मी झरी जामणीकडची. माझा बाप जंगलच्या कामावर मजूर होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाप पहाटे मोहफुलं वेचायला गेला, झाडाखाली आधीच अस्वल होतं. बाप जगला. पण अर्धं तोंड गेलं, एक डोळा गेला. पुढं चौदा वर्षं त्यानं तोंडाला दुपट्टा बांधून काढली. पाणी प्यायचा तर भिंतीकडे तोंड करून प्यायचा, आणि गालातून पाणी परत पितळी गंजात पडायचं. तो आवाज मला अजून येतो. मी लगीन करून यवतमाळकडे आले ते त्या जंगलाला पाठ दाखवूनच. आणि माझं पोरगं म्हणतं, मी जंगलात नोकरी करतो.

मी त्याला नको म्हटलं नाही, हे माझं पहिलं चुकलं. म्हटलं असतं तर तो भांडला असता, मी रडले असते, काहीतरी झालं असतं. मी म्हटलं, "भर बावा, हजार जनं भरतात." परीक्षा झाली, यादी लागली, यादीत त्याचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, खाली. चार महिने काहीच आलं नाही. त्यानं पहाटेचं धावणं सोडलं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आता कायले धावू? वाघ लागला काय मांगं?" मी तोंडानं चक् चक् केलं, आणि त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं. त्याच्या आवडीचं. खरं तर आनंद मला झाला होता.

थोरल्यानं त्याच्यासाठी कारखान्यात शब्द टाकला. सोमवारपासून ये म्हणाले. त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, थोरला घरी आला आणि धाकट्याच्या कागदांची सगळी फाइल, टी.सी., जातीचा दाखला, मार्कशीट, कारखान्यात दाखवायला घेऊन गेला. म्हणजे दोघं भाऊ लोहाऱ्याला एका खोलीत राहणार. माझ्या मनात आलं, चला, तासाभराच्या वाटेवर तर आहेत.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, मी सोयाबीनच्या वावरात तण निंदायला गेले होते. फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून कमरेला खोचलेला. टुंग वाजला. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून मी हात पुसले आणि वाचलं. प्रतीक्षा यादीतील उमेदवारांनी, गुरुवारी, सकाळी सहा वाजता, यवतमाळला, मूळ कागदपत्रांसह, कागदपत्र तपासणी व धाव चाचणीसाठी. खाली एक ओळ होती: अनुपस्थित राहिल्यास पुन्हा संधी मिळणार नाही. वर धाकट्याचं नाव, बापाच्या नावासकट.

मी दोनदा वाचलं. मग फोन पन्नीत गुंडाळला, कमरेला खोचला आणि निंदायला लागले. बाजूच्या ओळीतली बाई म्हणाली, "कोनाचा व्हय?" मी म्हटलं, "गॅसचा."

बघा, किती सोपं गेलं. पण मी स्वतःला म्हटलं, बाईला खोटं सांगितलं, ते काय खोटं. पोराला तर काही सांगितलंच नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. वावरातून घरी येईपर्यंत मी हेच घोळवत आले. आणि शिवाय तो शब्द मला धड कळला नव्हता. अनुपस्थित. अंदाज होता, पण मनाला वाटलं, कदाचित त्याचा अर्थ वेगळा असेल, कदाचित न जाणाऱ्याला नंतरही बोलावत असतील.

तर मी काय केलं, घरी आल्यावर धाकट्यालाच विचारलं. तो खाटेवर पडून क्रिकेट बघत होता.

"अनुपस्थित म्हनजे काय रे?"

"हजर नसलेला." फोनवरची नजर न काढता म्हणाला. "कुठं आला थो शब्द? ग्रंथात आला काय?"

मी म्हटलं, "हो. ग्रंथात."

"पाय, कशी कठीण कठीण वाचून राह्यली माही माय," असं म्हणून तो हसला आणि कूस बदलून पुन्हा मॅच बघायला लागला.

त्यानं मला अक्षरं शिकवली. आणि मी त्याला त्याच्याच निरोपातल्या शब्दाचा अर्थ विचारला, आणि त्याच्या तोंडावर खोटं बोलले. सांजच्याला विहारात गेले. पंचशील मी पुढं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही म्हणून आपण सगळे म्हणतो ते. मी म्हटलं.  कोणाला काही कळलं नाही.

मंगळवारी मी आवाज बसला म्हणून विहारात गेलेच नाही. घरी बसून काय केलं तर त्याच्यासाठी दोन शर्ट धुतले, इस्त्री करून आणले, पिशवीत भरले. सोमवारी लोहाऱ्याला जायचं आहे म्हणून. तो म्हणाला, "अवं, अजून सहा दिवस हाएत." मी म्हटलं, "असू दे." माझे हात थांबत नव्हते. फोन मी पिठाच्या डब्यावर ठेवला होता आणि दर वेळी टुंग वाजला की धावत जात होते. त्यानं एकदा फोनला हात लावला, टॉर्च पाहिजे होता म्हणून. मी असा हिसकावला की तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय वं माय, कोनाचे मेसेज येऊन राह्यले तुले?" म्हणून त्यानं डोळे मिचकावले. मी हसले. हसताना मला बापाचं तोंड दिसत होतं. दुपट्ट्याखालचं.

पुसून का टाकला नाही, असं कोणी विचारेल. बटण माहीत होतं. दोनदा त्याच्यावर बोट ठेवलं. पण वर त्याचं नाव होतं ना. मला नाव वाचता येतं आता. पूर्वी पुसलं तेव्हा ती नुसती काळी नक्षी होती.

बुधवारी सकाळी आत्या दारात येऊन बसली. म्हणाली, "काल बम कंटाळा आला बाई. गुरुजीनं चार ओळी वाचल्या, त्याच्यातल्या दोन अंदाजानं. आज येजो." मी म्हटलं, बसला आवाज. ती म्हणाली, "बोलून तं राह्यली चांगली. काय झालं तुले? पोरगा जाऊन राह्यला म्हनून? जाऊ दे ना. माहे गेले ना तिघंही. पोरं काय खुट्याले बांधाची जनावरं हाएत?"

"तुमचे जंगलात नाही गेले," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता जंगल कुठून आलं याच्यात? कारखान्यात चाल्लं ना थे?" आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर टाकायची विसरले. ती तसाच पिऊन गेली. एक शब्द बोलली नाही, आणि आत्या बोलली नाही म्हणजे तिला काहीतरी कळलं.

सांजच्याला मी विहारात गेले. अगरबत्ती लावली, सगळे बसले. पहिलं शील म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथ्याला माझा आवाज निघेना. खरंच निघेना. मंगळवारी आवाज बसला म्हणून खोटं सांगितलं होतं, आता खरंच बसला. बाया माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. मागून कोणी खोकलं. मग आत्यानंच चौथं उचललं, मोठ्यानं म्हटलं, बाकीच्यांनी तिच्यामागं म्हटलं, आणि पाचवंही तिनंच म्हटलं. मी ग्रंथ उघडला, बोट ठेवलं. ओळ दिसत होती पण वाचता येत नव्हती. आत्या हळूच म्हणाली, "जाय तू घरी. जे करायचं हाय थे कर. ग्रंथ काई पळून जात नाई."

घड्याळात सव्वासात झाले होते. मी निघाले. पायात चप्पल आहे की नाही ते घरी पोचल्यावर बघितलं. एकात माझी, एकात आत्याची.

धाकटा ओट्यावर बसला होता. मी फोन उघडून त्याच्या हातात दिला.

त्यानं वाचलं. मग मेसेजवरची वेळ पाहिली.

"सोमवारी आला हा."

"हो."

"माय, सोमवारी आला."

"हो रे बाप्पा, सोमवारी आला, म्या वाचला."

मला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला असता तर मला बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "अनुपस्थित." मग उठला, आत गेला, पेटी उघडली, फाइल शोधली. फाइल नव्हती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "फाइल भाऊजवळ हाय," म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. शेवटची एसटी सहालाच गेली होती. सकाळची पहिली गाडी यवतमाळला पोचते सात वाजता.

त्यानं थोरल्याला फोन लावला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, अंगणात जाऊन बोलला. परत आला आणि बुटं शोधायला लागला. चार महिन्यांपासून खाटेखाली पडलेली. एकाची लेस उंदरानं कुरतडली होती. मी माझ्या जुन्या परकराची नाडी काढून दिली. त्यानं घेतली. माझ्याकडे न बघता ओवली.

तासाभरात थोरला फाइल घेऊन फटफटीवर आला. आत आला नाही. गाडी चालूच ठेवून दारात उभा राहिला. मी डबा बांधला होता, भाकर आणि बेसन. धाकटा मागं बसला, डबा घेतला नाही. मी तो थोरल्यापुढं केला. त्यानंही लगेच हात पुढं केला नाही. गाडी बंद केली आणि म्हणाला, "माय, एक विचारतो. माह्या पोलीस भरतीचाबी निरोप तुह्याच नंबरवर येणार होता."

मी म्हटलं, "तवा मले वाचता येत नव्हतं रे."

"मी थे नाई विचारलं. आलता काय?"

काय सांगणार? त्या वर्षी तो दिवसभर कामाला, धाकटा शाळेत, फोन माझ्याजवळ. भरला की मी बटण दाबायची आणि सगळं साफ. त्यात गॅसचे होते, लॉटरी लागली म्हणणारे होते, आणखी काय होतं देव जाणे, मला तर अक्षरच माहीत नव्हतं. आला असेल. नसेलही. नाही म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी मी खोटं बोलून बोलून थकले होते.

"मले नाई माहीत," मी म्हणाले. "फोन भरला का मी पुसून टाकत जाओ."

 मग त्यानं डबा घेतला, धाकट्याच्या मांडीवर ठेवला आणि गाडी चालू केली.

गुरुवारी मी वावरात गेले नाही. चूल पेटवली नाही. फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. सहा वाजले, आठ वाजले. मी मनात त्याच्याबरोबर धावत होते आणि मनात वाटत होतं की न धावो, पाय मुरगळो, काही होवो. आई असून मी असं म्हणत होते, आणि दुसऱ्या श्वासाला म्हणत होते, धाव रे, धाव. दोन्ही खरं होतं. आत्या येऊन बाजूला बसली, तिची चप्पल घेऊन गेली नाही. साडेबाराला थोरल्याचा फोन आला.

"धावला."

"अन् ?"

"टायमाच्या आत आला. शेवटी शेवटी पाय लंगडून राह्यला होता. तुही नाडी तुटली, बूट हातात घेऊन धावला शेवटचा चक्कर."

"बोलतो काय थो माह्याशी?"

फोनमध्ये वाहनं ऐकू येत होती. "झोपला," थोरला म्हणाला. भरदुपारी, रस्त्यावर, कोण झोपतं? पण मी बरं म्हटलं.

कारखान्यात न जाता तो घरीच थांबला, आणि पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. जेवायला वाढ, पाणी दे. मग निवडीचा निरोप आला, तोही माझ्याच नंबरवर. मी तो फोन दोन्ही हातांनी धरून पळत विहिरीवर गेले, तिथं तो आंघोळ करत होता, साबणानं भरलेला. मी वाचून दाखवला. सगळा, तारखेसकट. त्यानं ऐकला, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "अनुपस्थित नाई लिहिलं ना कुठं?" तेवढंच. पण तो हसला होता.

नेमणूक झरीकडचीच. माझ्या बापाच्या जंगलापासून दोन नाले पलीकडे. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला समोर बसवलं. "आज्याचं सारं सांग. रडू नको, सांग. किती वाजता, कोन्या झाडाखाली, वारा कोनीकडून होता." मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. बाप एकटा गेला होता. वाकून वेचत होता. उजेड नव्हता. तोंडानं आवाज करत नव्हता, कारण दुसरे वेचणारे येतील आणि फुलं वाटून जातील म्हणून. धाकटा ऐकत होता. म्हणाला, "म्हनजे उजेडाच्या आधी मोहाखाली जाचं नाई, अन् जाचं तं बोलत जाचं." मी म्हटलं, "हो." चाळीस वर्षं मी नुसती भीत होते. त्यानं त्यातून दोन कामाच्या गोष्टी काढल्या आणि पिशवी भरली.

नवीन सिम त्यानं त्याच आठवड्यात घेतलं. आधार, बँक, वनखातं, सगळीकडे स्वतःचा नंबर लावून घेतला. मला सांगितलं नाही, पण मला कळलं, कारण माझा फोन वाजायचा थांबला. त्याच्या बीटवर, म्हणजे त्याला राखायला दिलेल्या जंगलात, रेंज नाही. तो नाक्यावर येतो तेव्हा फोन करतो, कधी दोन दिवसांनी, कधी चार. त्या चार दिवसांत मी काय करते ते मी सांगत नाही.

थोरला रविवारी येतो. चप्पल अजून दाराबाहेरच जोडतो. त्या रात्रीचा प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. तो आमच्यात आहे, कणगीसारखा कोपऱ्यात उभा. गेल्या रविवारी त्यानं एक फॉर्म आणला. कुठल्याशा कारखान्यातली मोठी जागा, वयाची अट अजून एक वर्ष पुरते म्हणाला. ओट्यावर बसून पेननं भरत होता. मोबाइल नंबरच्या चौकोनांपाशी आला आणि थांबला. मग एकेक आकडा लिहायला लागला, तोंडानं मोठ्यानं म्हणत. मी तांदूळ निवडत होते. पहिल्या तीन आकड्यांतच मला कळलं, माझा नव्हे.

लिहून झाल्यावर त्यानं कागद फिरवून माझ्यापुढं केला.

"वाचून पाय बरं," म्हणाला. "चुकला तं नाई."

मी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला. दहाही.

"बरोबर हाय," मी म्हटलं.